शहाजीचा ट्रेलर घाट चढतो

एकदा एक वस्ताद होते, असं म्हटलं की आमच्याकडच्या माणसाच्या डोळ्यांपुढं लगेच तांबडी माती आणि लंगोट उभा राहतो. तसलं इथं काही नाही. हे बाबालाल वस्ताद मोटारसायकलींचे. करवीरच्या बाजूला, हमरस्त्यालगतच्या एका गावात त्यांचं गॅरेज होतं. गाडी दारातून आत येईपर्यंत तिचा नुसता आवाज ऐकून ते तिचा आजार ओळखत. बोलणं मात्र अत्यंत मोजकं. अशा माणसांपुढं आम्हा व्याख्यानं झोडणाऱ्यांनी खरं तर उभंही राहू नये, पण आम्ही राहतो.

त्यांचा शिष्य शहाजी. हाताला गुण होता, कष्टाला वाघ, आणि मानी असा की ठेच लागली तरी दगडाला आधी ऐकवणार. शर्यतीच्या गाड्या तयार करण्यात त्याचं मन रमे. गावातली प्रणाली नावाची मुलगी मातीच्या ट्रॅकवर शर्यती खेळायची, तिच्या दोन्ही गाड्या शहाजीकडे असत. गेल्या वर्षी पठारावरच्या शर्यतीत ऐन वेळी तिच्या गाडीची क्लच केबल तुटली. जादा केबल शहाजीनं नेली नव्हती. गाडी उभी राहिली आणि पोरगी डोळे पुसत परत आली.

त्या दिवसापासून शहाजी जो भेटेल त्याला एकच सांगे, की सामान न्यायला जागाच नव्हती, उघड्या टेम्पोत काय काय कोंबणार. ऐकणारे मान हलवत. यंदा मात्र प्रणालीनं शांतपणे सांगितलं, की दादा, या खेपेला गाडी उभी राहिली तर मी दोन्ही गाड्या दुसऱ्या गॅरेजला देणार. ती रागावून बोलली असती तर बरं झालं असतं. शहाजीच्या ते जिव्हारी लागलं. त्यानं ठरवलं, की असा बंद डब्याचा ट्रेलर बांधायचा की त्यात नाही असं काही असणारच नाही.

आणि बांधलाही. लोखंडी अँगलचा सांगाडा, चारही बाजूंनी पत्रा, मागं खाली पडणारं दार, त्याच दारावरून गाड्या आत चढवायच्या. काम देखणं होतं, खोटं कशाला बोलू. गावातली निम्मी माणसं ते बघायला येऊन गेली, उरलेली निम्मी सल्ला द्यायला आली. दोन गाड्या आत बांधून झाल्या आणि मग शहाजी सामानाकडं वळला. एकेक वस्तू उचलायची आणि वस्तादांना विचारायचं, ही घालू का?

आता गंमत ऐका. एक वायसर जादा घेतला तरी डोळे वटारणारे हे वस्ताद, ते प्रत्येक वेळी म्हणायचे, "घाल की."

लोखंड आवळून धरायचा शेगडा घालू का? घाल की. हवा भरायचं यंत्र? घाल. जुनं इंजिन, सुटे भाग काढायला? तेही घाल. शहाजीला आनंदही झाला आणि मनात कुठंतरी पालही चुकचुकली. म्हातारा आजारी तर नाही ना, असं त्याला वाटलं. शेवटी त्याला विचारायला काही उरलं नाही, तेव्हा वस्ताद स्वतः उठले. गॅरेजच्या कोपऱ्यात त्यांच्या वडिलांच्या वेळची ऐरण होती, लोखंड ठोकायची. ती त्यांनी शहाजीच्या मदतीनं उचलून डब्यात ठेवली आणि हात झटकले. शर्यतीत ऐरणीचं काय काम, हे विचारायचं धाडस शहाजीला झालं नाही. शिवाय शर्यत रविवारी असताना शुक्रवारीच निघायचं, असा हुकूमही सुटला.

शुक्रवारी जीपला ट्रेलर जोडून वस्ताद, शहाजी आणि प्रणाली अशी तिघं निघाली. सपाटीवर सगळं झकास चाललं. शहाजी मागं वळून वळून आपल्या डब्याकडं बघत होता. मग घाट सुरू झाला. पहिल्याच चढाला जीपनं हुंदका दिला, दुसऱ्या वळणावर धूर काढला आणि ती चक्क मागं सरकायला लागली. चाकांना धोंडे लावून तिघं खाली उतरली.

शहाजीनं खूप डोकं चालवलं. वजन कमी करायचं, पण सामानाला हात लावायचा नाही, अशी त्याची अट. मग उरलं काय? मोटारसायकली. त्या त्यानं उतरवल्या. शर्यतीच्या गाड्या, त्यांना नंबरपाटी नाही, म्हणून रस्त्यावर चालवायची सोय नाही. जीप कशीबशी हलली. वस्ताद जीप हाकतायत, मागं ट्रेलर ऐटीत चाललाय आणि त्याच्यामागून शहाजी आणि प्रणाली घाम गाळत एकेक मोटारसायकल हातानं ढकलत नेतायत, अशी ती वरात निघाली. वरून उतरणाऱ्या एका ट्रॅक्टरवाल्यानं वेग कमी केला आणि अगदी काळजीनं विचारलं, की डब्यात नवरदेव बसलाय का, म्हणून गाड्या ढकलत न्यायलाय? प्रणालीला हसू आवरेना. शहाजीला वाटलं, धरणीनं पोटात घ्यावं.

पुढच्या वळणावर चहाचं हॉटेल होतं. तिथं पोचल्यावर शहाजीनं गाडी भिंतीला टेकवली. त्यानं मालकाची परवानगी काढली आणि रागारागानं ट्रेलर रिकामा करायला घेतला. शेगडा गेला, यंत्र गेलं, इंजिन गेलं, खोक्यांमागून खोकी गेली, ऐरण गेली. हॉटेलच्या मागच्या बाजूला दुसरं गॅरेज उभं राहिलं म्हणा ना. उरली फक्त रोजच्या हत्यारांची एक पेटी आणि थोडे सुटे भाग, त्यात या वेळी क्लच केबल मात्र होती. एवढं झाल्यावर तो वस्तादांपुढं येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की तुम्हीच तर घाल म्हणाला होता.

"म्हटलं होतं," वस्ताद म्हणाले आणि बशीत चहा ओतला.

त्यापुढं काही नाही. शहाजी आतल्या आत जळत राहिला. पण दोन्ही गाड्या पुन्हा डब्यात बसल्या आणि जीप घाट सहज चढून गेली.

रविवारी सकाळी सरावाला प्रणालीची मुख्य गाडी चालूच होईना. दुसरी गाडी हलक्या गटाची, ती या शर्यतीत चालत नव्हती. शहाजीनं तपासलं. ठिणगीच येत नव्हती. बिघाड ठिणगी तयार करणाऱ्या मॅग्नेटच्या आत होता. जादा कॉइल होती, पण मॅग्नेट उपसून काढल्याखेरीज आत हात जात नाही, आणि तो उपसायचा पुलर खाली हॉटेलमागं खोक्यात पडला होता. जाऊन येईपर्यंत शर्यत संपली असती. शहाजीनं हातोडी उचलली. ठोकून मॅग्नेट निघतो कधी कधी, पण बहुधा तडकतो, हे त्याला पक्कं माहीत होतं. प्रणाली त्याच्याकडं बघत होती, आणि तेच त्याला सहन होत नव्हतं.

वस्तादांनी त्याचा हात धरला.

"शेजारच्या तंबूत परशराम हाय."

परशराम हा बेळगावचा मिस्त्री. गेली कित्येक वर्षं याच पठारावर त्याच्या गाड्या शहाजीच्या गाड्यांशी झुंजत होत्या. दोघांत एका शब्दाचं बोलणं नव्हतं. मागायचं, आणि तेही त्याच्याकडं? शहाजीची मान ताठ झाली. मग त्याची नजर पुन्हा प्रणालीकडं गेली. त्यानं हातोडी खाली ठेवली आणि तो त्या तंबूकडं निघाला. अंतर ते किती, दोन मोटारसायकली आडव्या लावाव्यात एवढं. पण मी सांगतो, त्या माणसाला घाटापेक्षा ते जड गेलं.

त्यानं पुलर मागितला. आवाज इतका बारीक निघाला, की दुसऱ्यांदा मागावा लागला. परशरामनं पेटी उघडली, पुलर काढला, फडक्यानं पुसला आणि त्याच्या हातात दिला. मग म्हणाला, "गेल्या साली क्लच केबल तुटली तवा माझ्याकडं दोन होत्या की ओ. तुमी मागाल म्हणून एक काढून बी ठेवली होती. तुमी आलाच न्हाई."

शहाजी पुलर घेऊन परत आला, त्यानं मॅग्नेट काढला, कॉइल बदलली आणि शिट्टी व्हायच्या आत गाडी रेषेवर उभी केली. प्रणाली पहिली वगैरे आली नाही, चौथी आली. पण गाडी शेवटपर्यंत धावली. चिखलानं माखलेला चेहरा घेऊन ती आली आणि पुढच्या शर्यतीआधी मागची चेन बदलायला हवी दादा, एवढंच म्हणाली. शहाजीला जे ऐकायचं होतं ते त्यात आलं.

गर्दी पांगल्यावर शहाजी वस्तादांजवळ जाऊन बसला. त्यानं हळूच विचारलं, की वस्ताद, प्रत्येक वेळी 'घाल' असं का म्हणालात?

वस्ताद म्हणाले, "न्हाई म्हटलं असतं तर चोरून घातलं असतंस. आणि जीप थोडीशीच दमली असती तर तू जीपला नावं ठेवली असतीस, म्हणून ऐरण घातली, आणि घाटात वेळ जाणार म्हणून शुक्रवारीच निघालो. पोरा, हत्यार कमी पडायचं भ्या तुला कधीच नव्हतं. तुला लाज होती, कुणाकडं मागायची. त्या लाजेला तू चारी बाजूंनी पत्रा मारलास आणि तिला घाटावर ओढत आणलंस. ट्रेलर चांगला बांधलाईस. पावसातनं गाड्या कोरड्या ऱ्हातील. पण माणसाला मागता आलं पायजे. मागितल्याबिगर दुसऱ्याला द्यायला तरी कसं जमंल?"

त्यांना एवढं सलग बोलताना शहाजीनं त्याआधी ऐकलं नव्हतं. तो उठला आणि पुलर परत द्यायला बेळगावच्या तंबूत गेला. गेला तो गेलाच. तिथं चहा झाला, गाड्यांवर बोलणं निघालं, परशरामनं आपली एक अडलेली गाडी दाखवली आणि शहाजीनं बाह्या वर सारल्या. इकडं म्हाताऱ्या वस्तादांना प्रणालीच्या मदतीनं ट्रेलर स्वतःच जीपला जोडावा लागला, आणि त्यांनी त्याबद्दल तक्रार केली नाही.

तेव्हा वाचकहो, घरात दुसरी शिडी विकत आणण्याआधी एकदा शेजाऱ्याचं दार वाजवून बघा. तो कदाचित तुमचीच वाट बघत बसला असेल.