लिंबाच्या वासाची मुंगी

एका जंगलात करंजाच्या मुळांशी मुंग्यांचं मोठं वारूळ होतं. त्याच्या दाराशी राखणीला एक भित्री मुंगी बसत असे. पान हललं तरी तिच्या छातीत धस्स व्हायचं. आत इवल्याशा पांढऱ्या अळ्या होत्या. मुलांनो, मुंग्यांची बाळंच ती. त्यांना काही झालं तर, या धास्तीने ती येणाऱ्या प्रत्येकीला मिशा लावून हुंगायची. आपल्यासारखा वास आला की आपली, नाही आला की परकी. डोळे वर करून कुणाकडे पाहायचं तिला कधी सुचलंच नाही.

एके सकाळी एक मुंगी आली. तिला लिंबाचा उग्र वास येत होता. वाटेत रानलिंबू फुटलंय, त्याच्या रसात पडले, असं ती काकुळतीने सांगू लागली. भित्र्या मुंगीने तिचा पाय धरून तिला मुळावरून खाली लोटून दिलं. मागोमाग आणखी कुणीतरी आलं. त्याला अगदी घरचा वास होता. "ये बाई," म्हणत ती बाजूला सरली.

दुपारी पाळी संपल्यावर ती दाणे शोधायला निघाली आणि त्याच रसात घसरून पडली. कशीबशी निथळत परतली, तर दारावर तिची पाठची बहीण. बहिणीने मिशा लावल्या आणि कडकडून चावाच घेतला.

ती हबकली. "अगं, मी आहे. माझ्याकडे बघ तरी."

"बघायचं काय त्यात? तुला आमचा वास नाही," म्हणून बहिणीने तिलाही खाली लोटलं.

ती उताणी पडली. तेवढ्यात आतून कुणीतरी बाहेर आलं. तिने पहिल्यांदाच नीट पाहिलं आणि तिची दातखीळ बसली. तो एक भुंगेरा होता, तिच्या चौपट थोराड, वारुळाच्या मातीत लोळून घरचा वास अंगाला लावून घेतलेला. त्याच्या जबड्यात एक पांढरी अळी वळवळत होती.

बहिणीने त्याला हुंगलं. "सांभाळून जा हं, ताई," ती म्हणाली.

भित्री मुंगी धडपडत उठू लागली. शेजारच्या पानाआड काहीतरी हललं. सकाळची ती मुंगी अजून तिथेच बसून होती.

"त्याला आत जाताना मी पाहिलं होतं," ती हळूच म्हणाली. "पण सांगणार कशी? तू मला दारात उभंच केलं नाहीस."

तात्पर्य : एक खूण जुळली म्हणून कुणी आपलं होत नाही, आणि तेवढी एक जुळली नाही म्हणून कुणी परकंही होत नाही.