ठकूने न सांगितलेला धडा

चंपानगरीच्या युवराजाला काही म्हणजे काही शिकवता येईना, कारण त्याला सगळंच येत होतं! नऊ पोथ्या तोंडपाठ. पावसाबद्दल विचारा, श्लोक तयार. घोड्याबद्दल विचारा, दोन श्लोक. घोड्यावर बसा म्हटलं की मात्र युवराजांच्या पोटात दुखायचं. वय अवघं चौदा, पण नवा गुरू दारात दिसला की हा दुरूनच हात हलवायचा, "माहीत आहे मला!"

राजा नागधवल आधी खूश होता. एकदा जेवताना त्याने सहज विचारलं, "आज ताक इतकं आंबट का रे झालं?" युवराजाने डोळे मिटून ताकाचे सात श्लोक म्हटले. राजाचा भात निवून गेला आणि ताक का आंबलं ते काही कळलं नाही!

मग राजा हट्टाला पेटला. दवंडी फिरली: "पोथीत नाही अशी एक तरी गोष्ट जो युवराजाला महिन्याभरात शिकवील, त्याला मागेल ते मिळेल. अट एकच, उत्तर सांगायचं नाही! ऐकून ऐकून पोराचे कान भरलेत. जो सांगेल त्याची गाढवावरून धिंड!"

अट ऐकताच पंडितांना परगावची लग्नं-मुंजी आठवल्या. राजगुरू त्र्यंबकशास्त्री तेवढे हसत राहिले. "न सांगता शिकवायचं? म्हणजे न वाढताच जेवू घालायचं!"

आठव्या दिवशी दरबारात ठकू आली, राणू कुंभाराची लेक. तळ्याकाठची चिकणमाती राजाने आपल्या बागेसाठी अडवली होती. तीन महिने कुंभारवाड्यातली चाकं बंद होती, आणि अर्जविनंत्या करून तिच्या बापाच्या वहाणा झिजल्या होत्या. गाढवाचं म्हणाल तर तिला भीती नव्हती. घरी दोन होती.

"तू शिकवणार?" राजाने भुवया उंचावल्या.

"छे महाराज! मी शिकायला आलेय. युवराजांना सगळं येतं म्हणतात. माझी एक अडचण आहे, तेवढी त्यांना विचारते. विचारायला बंदी नाही ना?"

राजाने मिशीला पीळ दिला. "विचार!"

"युवराज, माझ्या नव्या माठातलं पाणी गार पडतं, जुन्या माठातलं कोमटच राहतं. माती तीच, विहीर तीच. असं का?"

"सोपं आहे," युवराज म्हणाला. "माती मुळातच शीतल असते."

"मग जुना माठ काय लोखंडाचा झाला?"

दरबारात खसखस पिकली. युवराजाचे कान लाल झाले. "उद्या सांगतो!"

दुसऱ्या दिवशी तो नऊ पोथ्या चाळून आला. "जुन्या माठातला थंडावा संपतो."

"संपून जातो कुठे?"

"जातो... पाण्यात!"

"मग पाणी गार नको का व्हायला?"

युवराज पाय आपटत निघून गेला. तीन दिवस फिरकला नाही. चौथ्या दिवशी मात्र तो कुंभारवाड्यात हजर! "दाखव ते तुझे माठ!"

ठकूने दोन्ही माठ भरून त्याच्यासमोर ठेवले आणि स्वतः बाजूला जाऊन बसली.

"आता काय करू?" त्याने विचारलं.

"मला विचारता? मी तर विचारणारी!"

युवराजाने माठांवरून हात फिरवला. नवा बाहेरून ओलसर होता, जुना कोरडा ठणठणीत. "हा गळतोय!" तो ओरडला आणि माठाखाली परात ठेवून दुपारभर राखण करत बसला. परातीत दोन थेंब. माठातलं पाणी मात्र दोन बोटं उतरलं होतं. युवराजाने परातीभोवतीची जमीन चाचपून पाहिली, तीही कोरडी. मग हळूच म्हणाला, "पाणी जातं कुठे गं?"

ठकू एकदम सावरून बसली. युवराजाने पोथीत नसलेला प्रश्न पहिल्यांदाच विचारला होता!

मग त्याने उच्छाद मांडला. घरात शिल्लक राहिलेल्या नव्या माठांपैकी एकाला बाहेरून तेल फासलं. एक बंद खोलीत ठेवला, एक वाऱ्यावर. पाच माठ फोडले. सावलीतच सगळी करामत आहे असं दोन दिवस सांगत सुटला आणि तिसऱ्या दिवशी स्वतःच ते खोडून काढलं. एका दुपारी पाणी शेंदून घामाघूम झालेला तो लिंबाखाली येऊन टेकला. वाऱ्याची झुळूक आली, ओली पाठ गारगार झाली, आणि युवराज ताडकन उठला.

"ठकू! माठाला घाम येतो! वारा तो घाम उडवतो आणि पाणी गार होतं! जुन्याची छिद्रं बुजलीत, त्याला घामच येत नाही!"

महिना भरला तेव्हा दरबारात दोन माठ मांडलेले होते. युवराजाने वाऱ्यावरच्या माठातलं पाणी राजाला दिलं, मग तेल फासलेल्या माठातलं. एका घोटाला राजाचा चेहरा खुलला, दुसऱ्याला आंबला. पोराने एकही श्लोक न म्हणता सगळं समजावून सांगितलं.

"पण या मुलीने शिकवलं काय?" त्र्यंबकशास्त्री उसळले. "एक अक्षर सांगितलं नाही! बक्षीस कशाचं?"

"तेच तर नवल आहे," राजा म्हणाला. "ठकू, उत्तर ओठांवर असताना इतके दिवस गप्प बसलीस. एवढा संयम तुला जमला कसा?"

"संयम कसला, महाराज? उत्तर माहीत असतं तर पहिल्याच दिवशी बडबडले असते! सात पिढ्या आम्ही माठ घडवतोय. ते पाणी गार का करतात, हे आम्हालाही युवराजांकडूनच कळलं!"

"ऐकलंत?" शास्त्री टाळी वाजवून ओरडले. "हिला काहीच येत नव्हतं!"

"खरंय शास्त्रीबुवा!" ठकूने हात जोडले. "तुम्हाला सगळं येत होतं, म्हणून तर युवराजांना काही शिकायला उरलं नाही!"

राजा इतका हसला की मुकुट सरकून कानावर आला. राणूचे अर्ज आठवून तळ्याकाठची माती कुंभारवाड्याला कायमची मोकळी करून दिल्याचं त्याने हसत हसतच फर्मावलं. मग सिंहासनावरून उतरून त्र्यंबकशास्त्र्यांच्या खांद्यावरची राजगुरूची जरीकाठी शाल त्याने आपल्या हाताने उचलली आणि ठकूच्या अंगावर घातली.