सरांच्या सहीचा भरवसा

पाच वाजले की खिडकी बंद, आणि प्रवेशाचा आजचाच दिवस शेवटचा! अनघा खरात एसटीतून उतरली ती शासकीय कॉलेजच्या खिडकीपर्यंत पळतच आली. धापा टाकत तिनं अर्ज, बारावीची मूळ गुणपत्रिका आणि तिची झेरॉक्स आत सरकवली.

आत प्रवेशाचं काम बघणारे खुद्द नाडगौडा सर बसले होते. त्यांचा नियम म्हणजे काळ्या दगडावरची रेघ.

"झेरॉक्सवर राजपत्रित अधिकाऱ्याची सही कुठंय?"

"सर, मूळ प्रत समोरच आहे. ताडून बघा ना!"

"माझा डोळ्यांवर विश्वास नाही, सहीवर आहे! जा, सही घेऊन ये."

शिपाई खिडकी लावायला उठला. मागं रांगेतल्या पोरांचाही जीव टांगणीला लागला, कारण त्यांची गत तीच होती. तेवढ्यात अनघाला सरांच्या टेबलावरची पितळी पाटी दिसली: 'प्रा. नाडगौडा, राजपत्रित अधिकारी'.

"अहो सर, मग तुम्हीच करा की सही!"

"वा गं वा! अर्ज घेणारा मी आणि सही करणाराही मीच? असल्या सहीचा भरवसा काय?"

अनघानं कोरा कागद पुढं केला.

"मग एवढंच लिहून द्या सर, की नाडगौडा सरांच्या सहीवर नाडगौडा सरांचाच भरवसा नाही. मी मुकाट घरी जाते. फक्त खाली तुमची सही तेवढी करा!"

रांगेत हशा पिकला. सरांनी पेन उघडलं, कोऱ्या कागदाकडे पाहिलं आणि निमूट झेरॉक्सवर सही ठोकली.

टोपण लावायला मात्र त्यांना जमलं नाही. मागून सगळ्या रांगेच्या झेरॉक्स एकदम खिडकीत घुसल्या होत्या.