अस्वल गेल्यावर

"पण बाबा, या दोघांत धीराचं कोण, ते सरळ दिसतंय ना?" दामोदरनं विचारलं.

संतोकगीर बाबा ओट्यावर बसून हिरडे निवडत राहिले.

सातपुड्याच्या पायथ्याशी त्यांची मठी. नाडी बघून औषध द्यायचं काम बाबांचंच. आज मात्र त्यांनी पहिल्यांदाच दामोदरला, आपल्या शिष्याला, पुढं बसवलं होतं, आणि गडी असा फुलला होता की विचारू नका.

समोर खेमा आणि त्याची बायको रुमली. सकाळी दोघं मोहाची फुलं वेचत असताना झुडपातून अस्वल निघालं ते थेट समोर. खेमा कुऱ्हाड उगारून, ओरडत पुढं झाला. रुमलीनं आपली पोर आणि शेजारणीची पोरं पोटाशी ओढली, त्यांच्यावर वाकून बसली. अस्वल आलं तसं निघून गेलं. कुणाला ओरखडासुद्धा नाही. नशीबच म्हणायचं!

तेव्हापासून रुमली थरथरत होती. पाड्यातल्या बायांचे हात धरून तीच हकीकत पुन्हा पुन्हा सांगत होती, मधेच रडत होती.

खेमा गप्प. जेवला नाही, पोरीकडे पाहिलं नाही. कुऱ्हाडीला धार लावत बसला आणि म्हणाला, अस्वल मारूनच येतो. एकटाच. तो गेला तर परत यायचा नाही, ही रुमलीची धास्ती. तिनंच कसंबसं त्याला इथवर आणलं होतं.

दामोदरनं रीतीप्रमाणे बाईची डावी नाडी पाहिली, पुरुषाची उजवी. मग ऐटीत सांगून टाकलं, बाईच्या मनात भय बसलंय, तिला काढा लागेल. गडी खंबीर आहे, त्याला कसलंही औषध नको, खुशाल जाऊ दे.

रुमलीचा चेहरा पडला. खेमा उठलाच.

"थांब रे," बाबा म्हणाले. "चहा घेऊन जा. चुलीला लाकडं नाहीत तेवढी. कुऱ्हाड दे बघू."

बाबांना नाही कोण म्हणणार? खेमानं दिली.

बाबांनी ती घेतली... आणि रुमलीच्या हातात ठेवली. तिच्या कडेवरची पोर उचलून खेमाच्या मांडीवर बसवली.

दामोदर कळवळला. हात कापतायत बाबा तिचे, पाय तोडून घेईल. बाबांनी पुन्हा हिरडे पुढं ओढले.

रुमली अंगणात गेली. पहिला घाव ओंडक्याला चाटून गेला. दुसराही तसाच. तिनं पदर खोचला, दात आवळले. मग मात्र लाकूड फुटायला लागलं. लाकडांचा ढीग वाढत गेला तसे तिचे हात ठरले. शेवटी तर ती त्या ओंडक्याला चक्क शिव्या देत होती.

इकडे पोर बापाच्या मांडीवर. तिनं त्याच्या गळ्यात हात टाकला.

"बा, अस्वल गेलं?"

खेमानं सकाळपासून पहिल्यांदा पोरीकडे पाहिलं.

"गेलं," तो म्हणाला.

आणि त्याची हनुवटी हलायला लागली. मग खांदे, मग हात. पोरीला घट्ट धरून तो माणूस थरथरत, हमसून हमसून रडला. रुमली लाकडं टाकून आली आणि त्याला खेटून बसली. बाबांना मोठं समाधान वाटलं ते बघून.

दामोदर मात्र पार गडबडला. मघाशी याची नाडी किती भक्कम होती, तो म्हणाला. चांगल्या माणसाला हे काय झालं? माझं चुकलं तरी कुठं?

"नाडी बघायला हात वेगळे धरायचे, एवढं शिकलास," बाबा म्हणाले. "भय मात्र दोघांतही तेच आहे, ते दिसायला हवं होतं तुला."

दामोदरनं मान खाली घातली. मग रुमलीसाठी करून ठेवलेला काढा उचलून घाईघाईनं खेमाकडे निघाला.

बाबांनी त्याचं मनगट धरलं.

"राहू दे. ती रडून सकाळीच परत आली. तो आत्ता कुठं रानातनं निघालाय."