साळूकाकांचं पळसपान

नदीवर अजून पूल नव्हते, त्या काळातली गोष्ट. चांदी म्हैस रोज सकाळी लहान प्राण्यांना पाठीवर घेऊन पलीकडच्या उंबराखाली सोडायची. भाडं एकच, वाटेत तिच्या अंगावरचे गोचीड काढायचे.

पण साळूकाका साळिंदर आणि त्यांच्या वयाची मंडळी आधीच येऊन पाठीवर पळसाची पानं ठेवून जात. पान ठेवलं की जागा धरली. झिपरी खार बिचारी शेपटीला लटकायची, लटकूनच गोचीड काढायची. भिजलेलं अंग झटकेपर्यंत उंबरं संपलेली असत.

"काका, जरा सरकता का?" तिनं एकदा विचारलं.

"आम्ही नाही लटकलो तुमच्या वयात?" काका काटे पसरून म्हणाले. आयुष्यात त्यांनी एक गोचीड काढला नव्हता.

झिपरीनं दुसऱ्या दिवसापासून शेपूट सोडली. वरच्या अंगाला दगडांवरून जाणारी वाट होती. लांबची, पण तिथे कुणाचे काटे टोचत नव्हते. लवकर निघून ती पोटभर उंबरं खाऊन आली. मग उंदीर तिच्यामागे गेले, मग ससे.

चांदीच्या पाठीवर आता म्हातारे ऐसपैस बसू लागले. गोचीड मात्र वाढत गेले. पाचव्या दिवशी तिनं पाठ झटकली आणि ती चिखलात जाऊन बसली.

"पोरांनी म्हैस बिघडवली," असं पुटपुटत काका दगडांच्या वाटेपाशी आले, पहिल्या दगडावर पान ठेवलं आणि सावलीत जाऊन बसले.

दुपारी झिपरी परतली, तरी ते तिथेच.

"काका, दगड चालत नाही. तुम्हालाच चालावं लागेल."

"ते कळतंय," काका म्हणाले. "पण जागा माझी आहे."