शून्य उड्यांवरचा चिंचोका

त्या राज्यात जमीन कधी वाढत नसे. धान्याच्या खळ्यासारखं ते गोल होतं, मधोमध तिवड्याचा खांब रोवलेला होता, आणि त्या तिवड्याभोवती सारं राज्य कुणाला जाणवणार नाही अशा बेताने फिरत असे. एका बाजूला मातीचा आडवा बांध होता. बांधाच्या अलीकडे धाकटं अंग, पलीकडे थोरलं. धाकट्यात उंदीर इतके दाटले होते की एकाने कूस बदलली तर चौघांना उठावं लागे. थोरल्यात काही ससे, काही लावे आणि एक म्हातारी खार. उरलेली जमीन रिकामी. निदान दिसायला रिकामी.

बांधाच्या पोटात कुरलोबा नावाचा म्हातारा खेकडा राहत असे. बांध राखणं हे त्याच्या घराण्याचं काम. बांधांविषयी कळण्यासारखं जेवढं होतं तेवढं त्याला कळलं होतं, आणि त्यामुळेच त्याच्या जिवाला स्वस्थता नव्हती. आडवा चालत तो रोज बांधाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाई, आणि आपण नीट पाहिलं ना, या शंकेने पुन्हा परत येई.

एके दिवशी उंदरांची पुढारीण चिंधाबाई त्याच्या दाराशी आली.

"कुरलोबा, आमच्या लेकरांना शेपूट ठेवायला जागा उरली नाही. बांध पन्नास पावलं पलीकडे सरकवा. ससे हो म्हणालेत. तिकडे आहेच कोण?"

"कोण आहे नि कोण नाही, तेच आधी बघायला हवं."

"बघून बघून डोळे बाहेर आलेत तुमचे! आणखी किती बघणार?"

कुरलोबाने हसून घेतलं. पण त्याला जुनी गोष्ट आठवली. त्याच्या आजोबांच्या काळी असाच बांध घाईघाईने सरकवला होता. त्या वेळी कुणीतरी हरवलं होतं. कोण, ते मात्र आता कुणालाही सांगता येत नव्हतं.

म्हणून त्याने जुनी चाल पुन्हा सुरू केली. तिला साक्ष ठेवणं म्हणत. प्रत्येकाने आपली चीजवस्तू आणि तिचा ठावठिकाणा दुसऱ्या अंगातल्या कुणाला तरी सांगायचा. ऐकणाऱ्याने दुसऱ्या दिवशी तो बिनचूक म्हणून दाखवायचा. जुळला तरच बांधाला हात लावायचा. उंदीर आधी कुरकुरले, मग त्यांना त्यात इतका रस आला की एका लाव्याला त्याच्याच घरट्यातली काटकी चुकली म्हणून त्यांनी दटावलं. थोरल्यात ज्यांची बिऱ्हाडं बांधालगत होती ती तिवड्याकडे आत हलवली. जागा मोकळी झाली.

उरली ती खार. तिला सगळे खारूमावशी म्हणत. आपल्या ठेव्याची साक्ष ती दुसऱ्या कुणाकडे द्यायला तयार नव्हती. कुरलोबालाच सांगेन, म्हणाली. बांधावर बसून तिने म्हणायला सुरुवात केली: बांधापासून सात उड्या, तीन शेंगदाणे. बांधापासून बारा उड्या, एक बोराची आठळी. बांधापासून एकोणीस उड्या...

कुरलोबाने तिला मध्येच अडवलं.

"मावशी, सगळं बांधापासूनच मोजलंत?"

"मग कुठून मोजू? जन्मभर इथेच बसत आले."

"उद्या बांध इथे नसेल."

खारीचं रिकामं दिसणारं रान आतून भरलेलं होतं, आणि ते सापडण्याची एकमेव खूण उद्या उचलली जाणार होती. मग कुरलोबा तिला तिवड्यापाशी घेऊन गेला. तिथून नव्याने मोजायचं ठरलं. ती प्रत्येक ठेव्यावर जाऊन बसे आणि तिथून तिवड्यापर्यंत उड्या मारत येई, हा मोजे. तीन दिवस लागले. तिची शेपटी दमून लोळली, पण दोनशे चौदा ठिकाणं जुळली.

"झालं सगळं?" त्याने विचारलं. मग पुन्हा विचारलं.

"झालं हो! तुम्हाला काय शपथ घालू?"

सकाळी काम सुरू झालं. जुन्या बांधाचीच माती नव्याला लागणार होती आणि त्या बांधाने टोकाशी आलेल्या पाटाचं पाणी अडवून धरलं होतं. म्हणून एकदा हात घातला की पुरं होईपर्यंत थांबायचं नव्हतं. उंदरांची रांग माती पुढे सारू लागली. नवा बांध चढत गेला, जुना उतरत गेला. कुरलोबाचं घर सगळ्यांत शेवटी निघायचं होतं. आता आत जाऊन आपल्या आईचं कवच तेवढं बाहेर काढावं, असं त्याच्या मनात आलं. त्याची एकच नांगी धड होती. तीत तेवढंच मावलं असतं.

इतक्यात खार धावत आली.

"कुरलोबा, एक राहिला! आमच्या घरधन्याने आणलेला पहिला चिंचोका. त्याला उड्याच नाहीत. बांधाच्या बुडाशीच पुरलाय, तुमच्या मागच्या भिंतीला. मी मोजला कधी नाही, कारण मोजावा लागलाच नाही!"

"थांबायचं का?" चिंधाबाई ओरडली. तिच्या पायांशी पाणी पाझरू लागलं होतं.

"थांबू नका!" कुरलोबा म्हणाला आणि आत शिरला.

आत अंधार होता. वरची माती कोसळत होती. डावीकडच्या कोनाड्यात आईचं कवच होतं. मागच्या भिंतीत चिंचोका. तो मागच्या भिंतीकडे वळला. तेव्हा कुठे त्याच्या ध्यानात आलं, की साऱ्या राज्याची साक्ष ठेवली, पण आपल्या घराची साक्ष आपण कुणाकडेच ठेवली नाही. आपलं काहीतरी चुकणार हे त्याला आधीपासूनच वाटत होतं. त्याने चिंचोका नांगीत धरला आणि छत खाली आलं.

माती उकरत तो वर आला तेव्हा दुपार कलली होती. पाटाचं पाणी आपल्या जागी होतं. उंदीर नव्या जागेत हातपाय पसरून पडले होते. पण इतकी ऐसपैस जागा त्यांना पेलवत नसल्यासारखे, एकमेकांना खेटून.

नव्या बांधात एक बीळ कोरलेलं होतं. दाराशी जुन्या घरासारख्याच दोन पांढऱ्या गारगोट्या, थोरली उजवीकडे, धाकटी डावीकडे. आत डाव्या कोनाड्यात आईचं कवच, तोंड भिंतीकडे करून.

"तुम्ही... तुम्हाला कसं..." कुरलोबा चाचरला.

"इतकी वर्षं तुमच्या डोक्यावर बसले," खार म्हणाली. तिची नखं मातीने भरली होती. "तुम्ही रोज आवरता ते मला ऐकू येतं. कोनाड्याचं ढेकूळ निघालं तसं कवच काढून घेतलं. म्हणून दाखवू?"

कुरलोबाला नांगी उघडता येईना. धरून धरून ती आवळली होती. खारीने ती दातांनी हळूच उकलली, चिंचोका काढून घेतला, नव्या बांधाला पाठ टेकवली आणि एकही उडी न मारता पायांखालीच उकरायला सुरुवात केली.