रोषाचा डोंगर

मॉरिशसमधल्या पेतीव्हालों गावात, उसाच्या मधोमध, काळ्या दगडांचा एक उंच ढीग आहे आणि त्यावर देशाचा चाररंगी झेंडा. मराठी लोक त्याला रोषाचा डोंगर म्हणतात. पाहुण्यांना हसू येते, कारण डोंगर म्हणावा एवढा काही तो नाही. हसू द्या. आधी हकीकत ऐका.

फार वर्षांपूर्वी, असे सांगतात, येथे गाव नव्हते. राज्य इंग्रजांचे, ऊस फ्रेंच मालकाचा, आणि राबणारी माणसे झोपड्यांच्या दोन रांगांत. एका रांगेत आफ्रिकेतून आणलेल्या गुलामांचे वंशज, क्रेओल. दुसरीत जहाजाने आलेली कोकणातली माणसे. पिण्याच्या पाण्याला दोघांत मिळून एकच झरा, आणि त्यावरून रोज तोंडे वाजत.

आवडी आपल्या नवऱ्याबरोबर, धाकूबरोबर, नुकतीच बोटीतून उतरली होती. शेतातले दगड वेचायचे काम चालले होते. पाण्याची जुनी खुन्नस काढून एमील नावाच्या क्रेओल गाडीवानाने धाकूची भरली कळशी लाथाडली. धाकूने धोंडा उचलला, एमीलनेही उचलला. आवडीला पुढचे दिसले. एकाचा जीव जाणार, दुसरा फासावर चढणार, आणि या परक्या बेटावर आपण एकटी उरणार.

तेवढ्यात गोरा मुकादम मोकळ्या जागेकडे हात करून फ्रेंचमध्ये ओरडला, "रोश ला-बा!" म्हणजे दगड तिकडे टाका. काम थांबले म्हणून तो चिडला होता, इतकेच. पण आवडीला फ्रेंच कुठले यायला? देवीचा रोष मात्र तिने जन्मभर ऐकला होता. तिच्या कानांना ते 'रोष लांब' असेच लागले.

"अवो, ऐकलात?" ती नवऱ्याला म्हणाली. "सायबसुद्धा म्हणता, रोष लांब. टाका तो थंय."

साहेब आपल्या भाषेत शहाणपण सांगतो, या नवलानेच म्हणे धाकूचा हात खाली आला. त्याने धोंडा नेऊन मोकळ्या जागी ठेवला. एमीलला हुकूम बरोबर कळला होता. त्यानेही आपला शेजारी ठेवला. धाकूला वाटले, यानेही राग सोडला. त्याने कळशी पुन्हा भरून आणली आणि पहिले पाणी एमीलला दिले. एमील ओशाळला, पण प्यायला.

तिथून रिवाज पडला. भांडण झाले की दोघांनी एकेक दगड ढिगावर ठेवायचा. पुढे तमिळ आले, भोजपुरी आले, मुसलमान आले, चिनी दुकानदार आला. सगळे भांडले आणि सगळ्यांनी दगड वाहिले. झोपड्यांची घरे झाली, रांगांच्या गल्ल्या झाल्या. सगळे फ्रेंचवरून घडलेली क्रेओल बोली बोलू लागले. रोश म्हणजे नुसता दगड, हे पोरासोरांनाही कळले, तरी रिवाज कुणी सोडला नाही.

मग १९६८ साल उजाडले. मार्चमध्ये देश स्वतंत्र होणार होता. कुणी आनंदाने वेडे झाले होते, कुणी धास्तावले होते, आणि एका सकाळी दोन्ही गल्ल्यांतले तरुण एकमेकांवर चालून निघाले. दगड कुठे मिळतात हे दोघांनाही ठाऊक होते. दोन्ही टोळ्या ढिगावर तुटून पडल्या.

आवडीची पणती सगुणा धापा टाकत वर चढली आणि सगळ्यांना कळावे म्हणून क्रेओलमध्ये म्हणाली, "घ्या. पण ज्याने जो ठेवला, त्याने तोच घ्यायचा. दुसऱ्याच्या बापजाद्यांचा रोष उचलायचा नाही."

हातातला दगड कुणाचा, हे कोण सांगणार? क्रेओलचा, मराठ्याचा, तमिळाचा, सगळे काळे, सगळे सारखे. एमीलच्या वंशातला गास्तों उगाच दगड उलटापालटा करून पाहू लागला आणि त्यालाच हसू फुटले. त्याने तो जागच्या जागी ठेवला. मग दुसऱ्याने ठेवला, तिसऱ्याने ठेवला. बाया घराघरांतून धावत आल्या, कुणी मृदंग काढला, कुणी रावान हा क्रेओल डफ काढला, आणि स्वातंत्र्याच्या दिवशी, बारा मार्चला, त्याच ढिगावर गावाचा पहिला झेंडा चढला.

आजही बारा मार्चला पेतीव्हालोंची माणसे एकेक दगड घेऊन गात-वाजवत वर चढतात. वर्षभर ज्यांचे एकमेकांशी बोलणे बंद असते, त्यांना आधी वाट देतात. त्या ढिगावरून दगड खाली आणलेला मात्र कुणी पाहिलेला नाही.